ग्रंथालयाची नोंदवही कोणाचे वाचन मोजते?

मार्च महिना जवळ आला की महाविद्यालयांच्या ग्रंथालयांना एकाएकी जाग येते. वर्षभर पडून राहिलेली रक्कम ३१ तारखेच्या आत खर्ची पडली पाहिजे, नाहीतर परत जाईल, म्हणून पुस्तकविक्रेत्यांचे प्रतिनिधी याद्या घेऊन हजर होतात, विभागप्रमुख घाईघाईने सह्या करतात आणि खोक्यांमागून खोकी उतरू लागतात. दाखल नोंदवहीतले आकडे चढतात, लेखापरीक्षकाचे समाधान होते. काही पुस्तके सवलत जास्त मिळते म्हणून येतात, काही विक्रेत्याच्या गोदामात उरली होती म्हणून येतात, तर काही संस्थेतल्याच एखाद्या प्राध्यापकाने लिहिली म्हणून येतात. ती वाचणार कोण, हा प्रश्न त्या धांदलीत कोणालाच पडत नाही. आणि पुढे वर्षभर हेच लोक चहा पिताना म्हणतात, "मुलं वाचतच नाहीत हो!" मुले म्हणजे कोणती मुले, हे वेगळे सांगावे लागत नाही. राखीव जागेवर आलेली, शिष्यवृत्तीवर शिकणारी, वसतिगृहात राहणारी मुले!

या प्रकाराला एक शास्त्रीय पर्याय आहे. वाचक ग्रंथालयात येऊन नेमके काय करतो, काय मागतो, काय मिळाले नाही म्हणून परत जातो, कोणते पुस्तक दहा वर्षांत एकदाही कपाटाबाहेर निघाले नाही, याचा पद्धतशीर अभ्यास करायचा आणि त्या अभ्यासाच्या आधारे पुढची खरेदी ठरवायची. ग्रंथालयशास्त्रात याला वाचकवर्तनाचा अभ्यास म्हणतात. विद्यापीठांतून यावर प्रबंध लिहिले जातात आणि ते प्रबंधही त्याच ग्रंथालयात धूळ खात पडतात, ही गोष्ट वेगळी. चळवळीने हा विषय ग्रंथपालांचा म्हणून सोडून देऊ नये, असे आमचे मत आहे. कारण ग्रंथालयात काय आणायचे आणि काय रद्दीत काढायचे हे जो ठरवतो, तो पुढच्या पिढीने काय वाचायचे हे ठरवत असतो.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. पहिला सिद्धान्त असा की, ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत. दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे. तिसरा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. चौथा वाचकाच्या वेळेची बचत करण्याचा आणि पाचवा, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे हा. ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे पाच सिद्धान्त पाठ असतात. परंतु ज्या देशात हजारो वर्षे अक्षराच्या उच्चारावर आणि श्रवणावर जातीचा पहारा होता, त्या देशात 'प्रत्येक वाचकाला' या दोन शब्दांचा अर्थ किती मोठा आहे, हे वर्गात कोणी समजावून सांगत नाही. दुसरा सिद्धान्त आमच्या दृष्टीने अधिकाराचा सिद्धान्त आहे.

आता परदेशात काय झाले ते पाहू, कारण या अभ्यासाची पायाभरणी अमेरिकेतील विद्यापीठांत झाली. १९६० च्या दशकात शिकागो विद्यापीठात हर्मन फसलर आणि ज्युलियन सायमन यांनी मोठ्या संशोधन ग्रंथालयांतील पुस्तकांच्या वापराचा अभ्यास केला. एखादे पुस्तक पुढे वापरले जाईल की नाही, याचा उत्तम अंदाज त्याच्या आजवरच्या वापरावरून बांधता येतो, असे त्यांना आढळले. १९६९ मध्ये रिचर्ड ट्रूसवेल या औद्योगिक अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाने दाखवून दिले की, ग्रंथालयातील साधारण २० टक्के पुस्तकांवरच सुमारे ८० टक्के देवघेव होत असते. कारखान्याच्या गोदामातील मालाला जो नियम लागू होतो तोच पुस्तकांच्या कपाटाला लागू झाला!

परंतु खरी खळबळ उडवली ती पिट्सबर्ग विद्यापीठाच्या अभ्यासाने. ॲलन केंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील हिलमन ग्रंथालयात १९६९ साली दाखल झालेल्या सुमारे ३७ हजार पुस्तकांचा पुढील प्रवास तपासला. १९७५ च्या अखेरपर्यंत त्यांतली जवळपास ४० टक्के पुस्तके एकदाही कोणी घरी नेली नव्हती. हा अहवाल १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मोठा वाद झाला. संशोधनासाठी लागणारा ग्रंथ रोज मागितला जात नाही, तो तीस वर्षांनी एकदा लागतो आणि तेव्हा तो तेथे असावा लागतो, असे टीकाकारांचे म्हणणे होते. नेलेल्या पुस्तकांची गणती म्हणजे वाचनाची गणती नव्हे, हाही आक्षेप घेतला गेला. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. तरीही एवढ्या श्रीमंत विद्यापीठाला आपले पैसे कुठे जातात हे तपासावेसे वाटले आणि निष्कर्ष लाजिरवाणा असूनही तो छापावासा वाटला, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. आमच्याकडे असा अहवाल निघाला तर तो प्राचार्यांच्या कपाटातून बाहेर येईल काय?

येथपर्यंत कोणाचा मतभेद होण्याचे कारण नाही. वाद पुढे सुरू होतो. देवघेवीचे आकडे हाती आले की ते पाहून पुढची खरेदी आणि जुन्या पुस्तकांचे निर्लेखन ठरवायचे, म्हणजे पुस्तक बाद करून नोंदवहीतून काढून टाकायचे, हा सोपा मार्ग दिसतो. संगणकावर कळ दाबली की दहा वर्षांत न हललेल्या पुस्तकांची यादी मिळते. त्या यादीत पाली ग्रंथांची भाषांतरे असतील. महात्मा फुल्यांचे समग्र वाङ्मय असेल. दलित आत्मकथने असतील. 'मागणी नाही' असा शेरा मारून ती बाहेर काढली, तर आक्षेप कोण घेणार? आकडे तर खरेच आहेत!

आकडे खरे असून निष्कर्ष खोटा कसा असतो, हे आमच्या समाजाला शिकवण्याची गरज नाही. चवदार तळ्याचा इतिहास आठवा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. कागदोपत्री तळे खुले झाले. आता अशी कल्पना करा की, १९२६ साली एखादा वाचकवर्तनाचा अभ्यासक वही घेऊन तळ्याच्या काठावर बसला आहे आणि तळ्याचा वापर कोण किती करतो याची मोजणी करतो आहे. अस्पृश्यांच्या रकान्यात त्याने काय लिहिले असते? शून्य! आणि त्या शून्यावरून त्याने अहवाल दिला असता की, या वर्गाला तळ्याच्या पाण्याची गरज दिसत नाही, सबब त्यांच्यासाठी वेगळी तरतूद करण्याचे कारण नाही. मोजणी अचूक, पद्धत शास्त्रशुद्ध, निष्कर्ष मात्र साफ खोटा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले तेव्हा ते शून्य मोडले. त्यानंतरही त्याच नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला, प्रकरण कोर्टात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. कागदावरचा प्रवेश आणि प्रत्यक्षातला प्रवेश यांत किती वर्षांचे अंतर असते, याचा हा दाखला आहे.

ग्रंथालयाचेही असेच आहे. आज कोणत्याही महाविद्यालयाच्या दारावर 'अमुक जातीला प्रवेश नाही' अशी पाटी नाही, ती लावण्याची कोणाची छातीही नाही. परंतु खेड्यातून आलेला, घरातला पहिला पदवीधर होऊ पाहणारा मुलगा त्या देवघेवीच्या खिडकीपाशी उभा राहतो तेव्हा काय होते ते एकदा जाऊन पाहावे. बहुतेक ठिकाणी बंद कपाटांची पद्धत आहे. पुस्तक हाताळून पाहता येत नाही, चिठ्ठीवर नाव, लेखक आणि क्रमांक लिहून द्यावा लागतो. ज्याने ते पुस्तक कधी पाहिलेच नाही त्याने त्याचा क्रमांक कोठून आणायचा? चिठ्ठी दिली की आतून आवाज येतो, "नाही ते, दुसरं सांग." दुसरे सांगितले की तेही नसते. तिसऱ्यांदा विचारण्याचे धाडस होत नाही. पुस्तक हरवले तर किंमत किती भरावी लागेल या भीतीने महागडे पुस्तक मागितलेच जात नाही. या सर्व प्रसंगांची नोंद कोणत्या वहीत होते? कोणत्याच नाही. नोंद होते ती फक्त मिळालेल्या पुस्तकाची. नकाराची नोंद ठेवण्याची पद्धतच नाही, आणि वाचकाच्या वर्तनाचा अर्धा इतिहास तर त्या नकारातच असतो.

स्वतः बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. लंडनमधील ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात त्यांनी किती तास घालवले हे आपल्या वाचकांना सांगायला नको. त्या ग्रंथालयाचा नियम असा होता की, ग्रंथ तेथेच बसून वाचायचा, घरी न्यायचा नाही. देवघेवीच्या आकड्यांनी त्या काळचे वाचन मोजायचे ठरवले तर विसाव्या शतकातल्या एका प्रचंड वाचकाच्या नावापुढे एकही पुस्तक लागणार नाही! आज आमची मुलेही बहुधा तेथेच बसून वाचतात, कारण घरात जागा नाही, वीज जाते, दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे असतात. त्यांचे वाचन मोजायचे तर संध्याकाळी टेबलांवर उरलेली पुस्तके जागेवर लावण्यापूर्वी मोजावी लागतील. हे काम एका शिपायाला एक वही आणि पेन देऊन होते. त्यासाठी संगणक लागत नाही, अनुदान लागत नाही, लागते ती फक्त इच्छा.

झेरॉक्सची तीच गोष्ट. पाच जण मिळून एक पुस्तक घेतात, हवी ती प्रकरणे झेरॉक्स करून घेतात आणि पुस्तक परत करतात. नोंदवहीत वाचक एक, प्रत्यक्षात पाच. या वर्तनावर तर दिल्लीत खटला उभा राहिला. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्सच्या दुकानाविरुद्ध आणि विद्यापीठाविरुद्ध ऑक्सफर्ड, केंब्रिज यांसारखे बडे प्रकाशक न्यायालयात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने सप्टेंबर २०१६ मध्ये प्रकाशकांचा दावा फेटाळला. डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठाने काही मुद्दे फेरतपासणीसाठी परत पाठवले, पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणासाठी दिलेली मुभा अशा अभ्यास-संचांना लागू होते हे तत्त्व उचलून धरले. २०१७ मध्ये प्रकाशकांनी खटला मागे घेतला. हा निकाल आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असला पाहिजे. आणि ग्रंथपालांना एक साधी गोष्ट कळली पाहिजे की, ज्या पुस्तकाची पाने सर्वाधिक झेरॉक्स होतात त्याच्या प्रती कमी पडत आहेत.

पुस्तक कोठे ठेवले आहे यावरही त्याचा वापर अवलंबून असतो. दशांश वर्गीकरणात बौद्ध धम्माला २९४.३ हा क्रमांक आहे, जातिव्यवस्था ३०५.५ मध्ये जाते, चलन आणि बँकिंग ३३२ मध्ये, संविधान ३४२ मध्ये. म्हणजे 'बुद्ध आणि त्याचा धम्म' एका कपाटात, 'जातिप्रथेचे निर्मूलन' दुसऱ्यात, १९२३ चा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ अर्थशास्त्राच्या दालनात आणि बाबासाहेबांची चरित्रे आणखी चौथीकडे. शास्त्राच्या दृष्टीने हे बरोबर आहे, आमची त्याबद्दल तक्रार नाही. उलट बाबासाहेब अर्थशास्त्राच्या कपाटात असलेच पाहिजेत, त्यांना केवळ समाजाचे नेते म्हणून एका कोपऱ्यात बसवणे प्रस्थापितांच्या सोयीचे आहे. पण बंद पद्धतीच्या ग्रंथालयात "बाबासाहेबांची पुस्तकं द्या" म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला या चार ठिकाणी नेणारा माणूस नसेल, तर चारही ठिकाणची पुस्तके न हललेल्या यादीत जाणार. तेथे मागणीचा अभाव नसतो, वाट दाखवणाऱ्याचा असतो.

आणि मागणी नाही असे म्हणणाऱ्यांनी ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर यावे! धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरला दीक्षाभूमीवर जावे! रेल्वेच्या जनरल डब्यातून उभ्याने आलेली माणसे, ज्यांच्या पायात धड चप्पल नाही, पोटाला चिमटा काढून जमवलेल्या पैशांतून पुस्तके विकत घेतात आणि पिशवीत भाकरीच्या शेजारी ठेवून गावी नेतात. शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या खंडांसाठी तेथे रांगा लागतात. हेच खंड वर्षानुवर्षे उपलब्ध होत नव्हते. छपाई रखडल्याची वृत्तपत्रातील बातमी वाचून २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. मागणी प्रचंड असताना पुरवठाच नाही, हे या राज्याच्या न्यायालयीन अभिलेखात आहे. मग जो समाज वर्षातून दोन वेळा मैदानात एवढा पुस्तकवेडा असतो, तोच महाविद्यालयाच्या ग्रंथालयात शिरताच न वाचणारा कसा होतो? मैदानावर आणि ग्रंथालयात वाचक तोच असतो. बदलते ते पुस्तके मांडणाऱ्याचे वर्तन. आमचे स्पष्ट म्हणणे आहे की, संशोधन करायचे तर आधी त्या वर्तनावर करा.

आमच्या स्वतःच्या क्षेत्रातले, म्हणजे कायद्याच्या पुस्तकांचे उदाहरण देतो, कारण तेथे आकड्यांचे गुलाम होण्याचा धोका अगदी स्पष्ट दिसतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आणि पुराव्याच्या कायद्याच्या जागी साक्ष्य अधिनियम आला. विधी महाविद्यालयांतील फौजदारी कायद्याची कपाटे एका रात्रीत जुनी झाली. विद्यार्थी नव्या संहितेची टीकाग्रंथासह प्रत मागतात, त्यांना जुने पुस्तक मिळते, ते बाजारातले पातळ गाईड घेऊन परीक्षा देतात. वर्तन पाहून खरेदी करायची म्हणतात ती येथे. नव्या संहितांच्या पुरेशा प्रती, शक्य तेथे मराठीतून, ताबडतोब आल्या पाहिजेत. परंतु वर्तन पाहूनच जुनी पुस्तके बाहेर काढली तर अनर्थ होईल. कारण १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच दंड संहिता लागू आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या जुन्या खटल्यांत जी कलमे जोडलेली आहेत ती दंड संहितेची आहेत, आणि ते खटले किती वर्षे चालतात हे आमच्या वाचकांना ठाऊक आहे. उद्या एखाद्या तरुण वकिलाला अपिलाच्या तयारीसाठी जुना टीकाग्रंथ लागेल तेव्हा तो 'पाच वर्षांत मागणी नाही' म्हणून रद्दीत गेलेला असू नये.

तेव्हा दोन्ही गोष्टी एकत्र हव्यात. काही संग्रह असा की त्याला मागणी असो वा नसो, तो ग्रंथालयात असणारच. फुले, शाहू, आंबेडकर, पाली साहित्य, संविधान सभेच्या चर्चा, सत्यशोधक चळवळीची साधने यांना देवघेवीचा निकष लावता येणार नाही. आणि उरलेला मोठा भाग असा की तो वाचकाच्या प्रत्यक्ष गरजेने ठरेल. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने २००० सालापासून एक साधा उपक्रम केला. वाचकाने दुसऱ्या ग्रंथालयातून मागवलेले पुस्तक उसने आणण्याऐवजी, काही अटींत बसत असेल तर विकतच घ्यायचे आणि आधी त्या वाचकाच्या हाती द्यायचे. नंतर पाहिले तर अशी पुस्तके नेहमीच्या पद्धतीने निवडलेल्या पुस्तकांपेक्षा पुढेही अधिक वापरली जात होती. विद्यार्थ्याला निवडता येत नाही, हा समज तेथे खोटा ठरला. आमच्याकडे ग्रंथखरेदीच्या रकमेचा दहावा हिस्सा जरी विद्यार्थ्यांच्या मागणीसाठी राखून ठेवला तरी चित्र बदलेल. राखीव हा शब्द ऐकून कोणाच्या कपाळाला आठ्या पडल्या तर त्याला आमचा इलाज नाही.

आता सर्व काही मोबाईलवर मिळते, पुस्तके हवीत कशाला, असे सांगणारे विद्वानही भेटतात. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र एक वर्गणी' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके. चांगली गोष्ट आहे. परंतु ती आखली गेली केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी. तालुक्याच्या ठिकाणी खासगी संस्थेच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींचे काय? आणि ही नियतकालिके प्रामुख्याने इंग्रजीत. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या, मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला आज हवी आहेत ती तिच्या विषयाची मराठीतली पाठ्यपुस्तके, आणि तीही परीक्षेच्या आधी दोन महिने, परीक्षेनंतर नव्हे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी १९७८-७९ पासून पुस्तकपेढीची योजना आली ती याच गरजेतून. किती महाविद्यालयांत तिचे संच वेळेवर विद्यार्थ्यांच्या हाती पडले, हे त्या काळात शिकलेल्या प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

'नॅक'च्या २०१७ च्या सुधारित मूल्यांकन पद्धतीत ग्रंथालयाचा दररोजचा वापर किती, हे विचारले गेले. त्याबरोबर दारात सही करण्याची वही आली, कार्ड दाखवण्याचे यंत्र आले. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले सकाळी सहाला येऊन जागा धरतात, त्यांच्या सह्या मोजल्या जातात आणि 'ग्रंथालयाचा वापर' म्हणून अहवालात जातात. ती मुले स्वतःची पुस्तके घेऊन येतात! ग्रंथालयाचे एकही पुस्तक त्यांना लागत नाही, कारण त्यांना लागणारे पुस्तक तेथे नसते. त्यांच्या वर्तनाचा अर्थ सरळ आहे. त्यांना जागा हवी, दिवा हवा, पाणी हवे आणि रात्री उशिरापर्यंत उघडे दार हवे. परंतु ग्रंथपालाची जागाच अनेक ठिकाणी रिकामी, प्रभारी कारभार आणि दुपारी पाचला कुलूप. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्यापीठातील ग्रंथालयाच्या प्रमुखाला ज्ञानस्रोत केंद्राचा संचालक असे भारदस्त नाव दिले. नाव मोठे झाले, दाराची वेळ मात्र वाढली नाही.

येथे एक सावधगिरीचा इशारा देणे आम्ही वकील म्हणून आवश्यक समजतो. वाचकाच्या वर्तनाचा अभ्यास म्हणजे वाचकावर पाळत नव्हे. मोजायची ती पुस्तके, माणसे नव्हेत. कोणत्या विद्यार्थ्याने कोणते पुस्तक नेले याची नावानिशी यादी व्यवस्थापनाच्या किंवा आणखी कोणाच्या हाती जाता कामा नये. घरात सापडलेल्या पुस्तकांच्या याद्या आरोपपत्राला जोडल्या जाण्याचे दिवस आम्ही पाहिले आहेत. पुस्तक परत आले की नाव पुसले गेले पाहिजे, आकडा तेवढा उरला पाहिजे.

संविधानाच्या अनुच्छेद ४६ ने अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक हितसंवर्धनाची विशेष काळजी घेण्याचे कर्तव्य राज्यावर टाकले आहे. ते कर्तव्य शिष्यवृत्तीच्या धनादेशापाशी संपत नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढले तेव्हा ग्रंथालयाला त्यांनी मध्यवर्ती स्थान दिले, आपल्या संग्रहातले ग्रंथ दिले. त्या ग्रंथालयांची आजची अवस्था हा आपल्या सर्वांच्या चिंतेचा विषय आहे आणि त्यावर आम्ही स्वतंत्रपणे लिहू.

सध्या विद्यार्थी संघटनांनी एवढे करावे. ज्या महाविद्यालयाला शासनाचे भरीव अनुदान मिळते ते माहितीचा अधिकार अधिनियम २००५ च्या कक्षेत येते. अर्ज करावा आणि मागावे : मागील पाच वर्षांत खरेदी केलेल्या पुस्तकांची नावे, किमती आणि पुरवठादार, त्यांपैकी एकदाही दिली न गेलेल्या पुस्तकांची संख्या, याच काळात निर्लेखित केलेल्या पुस्तकांची यादी आणि त्याला मंजुरी देणाऱ्या ग्रंथालय समितीच्या बैठकांची इतिवृत्ते. वाचकांची नावे मागू नयेत. महाराष्ट्रातील नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत असावा लागतो, म्हणून खरेदीचा आणि निर्लेखनाचा अर्ज वेगवेगळा करावा. प्रत्येकी दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट पुरते, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर त्यापुढील तीस दिवसांत कलम १९ खाली पहिले अपील करावे. आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.